प्रमोदरावांचा चष्मा आणि तात्यांचा माईक

सभेत माईक बंद पडला की पब्लिक आधी कोणाकडे बघतं? भाषण करणाऱ्याकडे नाही. मांडवाच्या कडेला, मिक्सरच्या टेबलामागे बसलेल्या माणसाकडे. “ए माईकवाले, झोपला का रे?” हे मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की माझ्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आवाज गेला, तर मुंडावळ्या बांधलेला मीच वायर बघायला निघालो होतो. मामांनी दंड धरून पुन्हा पाटावर उभं केलं.

म्हणून आज एकदाचं सांगून टाकतो. माझा माईक कधीच बिघडला नाही. लग्नातला होता तो दुसऱ्याचा. राजकीय सभांमध्ये माझा माईक जेव्हा जेव्हा गेला, तेव्हा तो मी घालवला होता, आणि मला तसं सांगण्यात आलं होतं. शिव्या मात्र मी खाल्ल्या. आता दुकान पुतण्याकडे आहे. तो पंचवटीत मिरवणुकांना छाती धडधडणारं काहीतरी लावतो, त्यातलं मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

आमच्याकडे एकाच पक्षाच्या सभा असायच्या. पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहूनही काय उपयोग, त्या स्टेजवरची निम्मी माणसं मधल्या काळात इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाऊन आली आहेत. गिऱ्हाईक म्हणून सगळे सारखेच. एक जण माईक हातात आला की आधी दोनदा फुंकर मारायचा, स्पीकरचा पडदा फाटायची वेळ यायची. सटाण्याच्या बाजूचे एक पुढारी होते, त्यांना आवाज घुमायला हवा असायचा. “देवळात बोलल्यागत येऊ दे,” म्हणायचे. तसा दिला की त्यांचा एकही शब्द कोणाला समजायचा नाही, आणि ते निवडूनही यायचे. देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार माईक बाजूला सारून बोलायचे. त्यांना तोफखान्याची सवय होती. त्यांचं बोलणं बाजारातल्या बायकांनाही ऐकू जायचं.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिक्सर म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खटक्यांची पेटी. त्यातून आवाज दोन वाटांनी जातो. एक वाट मैदानातल्या मोठ्या स्पीकरकडे आणि लांब खांबांवर बांधलेल्या भोंग्यांकडे, ती पब्लिकसाठी. दुसरी वाट स्टेजवर वक्त्याच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरकडे. त्याला आम्ही मॉनिटर म्हणतो. आपण काय बोलतोय हे वक्त्याला त्यातून ऐकू येतं. या दोन्ही वाटा वेगवेगळ्या बंद करता येतात.

माईक एकदम तोडला तर गडबड होते. पब्लिकला कळतं, पेपरवाल्यांना कळतं, दुसऱ्या दिवशी मथळा येतो. म्हणून शहाणा माईकवाला मैदानाची वाट हळूहळू मिटवतो आणि मॉनिटर चालू ठेवतो. वक्त्याला स्वतःचा आवाज खणखणीत ऐकू येत असतो. तो मूठ आपटतो, बाही मागे सारतो, त्याला वाटतं आपण मैदान हलवलं. मैदानात मागच्या रांगा शेंगदाणे सोलत असतात. हे मला कोणी शिकवलं नाही. प्रमोदरावांच्या शेजारी बसून बसून सुचलं.

प्रमोदराव म्हणजे पक्षाच्या सभांची व्यवस्था बघणारे. सडपातळ, सफारी, बोलणं मऊ. स्टेजवर त्यांना कधी खुर्ची नव्हती, त्यांची प्लास्टिकची खुर्ची कायम माझ्या टेबलाला लागून. भाषण चालू असताना त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला की मी खटका खाली आणायचा. पुन्हा डोळ्यांवर चढवला की वर. एवढीच आमची भाषा. कोणी कधी “माईक बंद कर” असं तोंडाने म्हणालं नाही, त्यामुळे उद्या कोणी शपथेवर विचारलं तर प्रमोदराव म्हणणार, मी चष्मा पुसत होतो.

चष्मा कधी निघायचा? विरोधकांना शिव्या घातल्या तर कधीच नाही. आपल्याच पक्षाच्या माणसाने आपल्याच पक्षाला सुनावलं की निघायचा. पेपरवाले त्याला ‘घरचा आहेर’ म्हणतात. पण सगळे आहेर सारखे नसतात, हे मला माझ्या खुर्चीवरून दिसत गेलं. तिकीटवाटप जवळ आलं की काही जण अचानक कडक बोलायला लागायचे. त्यांची नाराजी एखाद्या महामंडळावर वर्णी लागली की मिटायची. काहींची टीका तर ठरवलेली असायची. लोक चिडलेले असले की साहेबच, म्हणजे जिल्ह्यातले पक्षाचे सर्वांत मोठे नेते, आपल्यातल्या एकाला सांगायचे, जरा बोल, वाफ जाऊ दे. अशा वेळी प्रमोदराव आधीच माझ्या कानाला लागायचे. “ह्याचा चालू ठेव रे, साहेबांना माहीत आहे.” मग तो सरकारवर असा तुटून पडायचा की समोरचे टाळ्यांनी मैदान डोक्यावर घ्यायचे, आणि मागून साहेब गालातल्या गालात हसायचे.

तिकिटासाठी नाही, सांगून नाही, मनापासून बोलणारा माणूस मी एकच पाहिला. वसंततात्या.

तात्या चांदवडच्या अलीकडच्या एका गावातले. पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल, घसा असा की माईकची गरज नाही. एकदा पंचायत समितीवर होते, त्यापलीकडे पक्षाने त्यांना काही दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. त्यांच्या गावाच्या पोटातून मुंबई-आग्रा रोड जातो. तो रुंद झाला तेव्हा गाव एका बाजूला राहिलं, शाळा आणि मळे दुसऱ्या बाजूला. मधे दुभाजक. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बायका दुभाजक चढून पलीकडे जातात आणि कंटेनर हॉर्न देत जातात. रस्त्याखालून माणसांना जायला वाट करून द्या, एवढंच तात्यांचं मागणं होतं. कागदावर त्याला भुयारी मार्ग म्हणतात, तात्या बोगदा म्हणायचे. रस्ता झाला त्याच वर्षी त्यांच्या गावचा सुदाम दूधवाला सायकलसकट तिथे गेला.

त्यानंतरची चांदवडच्या बाजार समितीच्या आवारातली सभा. खासदार, आमदार सगळे स्टेजवर. तात्या उभे राहिले.

“खासदार आपला, आमदार आपला, मुंबईत आपलं सरकार, दिल्लीत आपलं सरकार. मंग सुदाम्या कोनाच्या राज्यात मेला?”

मैदान चिडीचूप झालं. शेजारी बघतो तर प्रमोदराव शर्टाचं टोक शोधत होते. मी खटका खाली आणला. मॉनिटर चालू ठेवला. तात्या बोलत राहिले, हातवारे करत राहिले, आणि मागच्यांना नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत होते. शेवटी मागच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, “तात्या, आवाज येत नाय!” तात्यांनी मॉनिटरकडे बघितलं, मग लांबच्या भोंग्याकडे, मग माझ्याकडे. माईक स्टँडला लावला, स्टेजच्या कडेला आले आणि उरलेलं भाषण तोंडाने केलं. निम्म्या लोकांना ऐकू गेलं असेल.

सभा संपल्यावर ते सरळ माझ्या टेबलाशी आले. मी उगाच वायर गुंडाळायला घेतली.

“काय रमेश, बिघाडला का माईक?”

“लूज कनेक्शन होतं, तात्या.”

“मी बोलाय लागलो का तुझं कनेक्शन लूज व्हतं आन् प्रमोदचा चष्मा घान व्हतो. लय जोडीनं चालतंय तुमचं.” आणि हा माणूस हसला हो! वर म्हणाला, “चहा सांग.”

तेव्हापासून रिवाजच पडला. सभा झाली की तात्या टेबलाशी यायचे, उभ्या उभ्या चहा घ्यायचे आणि विचारायचे, “आज कुठवर गेलं?” मी सांगायचो, “शाळेपर्यंत गेलं तात्या, बोगद्याच्या आधी कापलं.” पुढच्या सभेला ते बोगदा अलीकडे घ्यायचे. असं करता करता त्यांचं भाषण उलटं झालं. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ नाही, ‘बंधू-भगिनींनो’ नाही, पहिलं वाक्य बोगद्याचं. मान्यवर शेवटी, आवाज गेल्यावर. प्रमोदराव वैतागायचे. “हा माणूस स्वागत पण करत नाही रे!”

चिडून मी एकदा तात्यांना विचारलं, “एवढा अपमान करतात, तर सोडा ना पक्ष. पलीकडचे डोक्यावर घेतील तुम्हाला.”

तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “मी पलीकडं गेलो का हे म्हननार, बघा, तिकिटापायी बोंबलत व्हता. मंग माझा बोगदा बी खोटा पडंल. आरं, माझ्याजवळ दुसरं हाय काय? हा मानूस खोटं बोलत नाय, एवढंच गाव माझ्याबद्दल म्हनतं.”

पुढे पक्ष फुटला. दोन्हीकडचे लोक तात्यांच्या ओट्यावर येऊन बसले. एका गटाने गाडी पाठवली, दुसऱ्याने हार. तात्या म्हणाले, “मी व्हतो तिथंच हाय. तुमी कुठं हायेत ते तुमी ठरवा.” ही दोन वाक्यं त्या काळात नाशकात कोणालाच बोलायला जमली नव्हती. मला तर फुटीचा एकच अनुभव. सकाळी एका गटाला स्पीकर, दुपारी दुसऱ्या गटाला तेच स्पीकर, आणि दोन्हीकडे निष्ठेवर भाषणं.

साहेब ज्या गटात गेले तो सत्तेत आला. साहेब मंत्री झाले. नाशकात गोल्फ क्लबच्या मैदानावर भरदुपारी त्यांचा सत्कार ठरला, आणि तात्यांना आग्रहाने बोलावणं गेलं. मी वायरी ओढत होतो, तेवढ्यात प्रमोदराव तात्यांना घेऊन माझ्या टेबलाशीच आले. तिथे कोणी येत नाही, म्हणून नाजूक बोलणी तिथेच व्हायची.

“तात्या, एकदा,” प्रमोदराव म्हणाले. “फक्त एकदा साहेबांबद्दल चांगलं बोला. तुमच्यासारखा कडक माणूस बोलला म्हणजे जिल्ह्यात वेगळा संदेश जातो. बोगद्याची फाईल साहेबांच्या टेबलावर आहे. सत्कार झाला की सही. माझा शब्द.”

तात्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळले. “तू काय म्हनतो, रमेश?”

कोणीही म्हटलं असतं तेच मी म्हटलं. “चार शब्दांनी बोगदा होत असेल तर बोला की, तात्या.”

बोलले. मी आयुष्यात कोणाला दिला नसेल असा स्वच्छ आवाज त्या दिवशी तात्यांना दिला. मैदान, भोंगे, मॉनिटर, सगळं चालू. “साहेबांनी आमच्या भागासाठी लय केलं,” तात्या म्हणाले, आणि खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मला वाटलं आता बोगदा येतो. नाही आला. “साहेब आमच्या पाठीशी हायेत,” म्हणाले आणि मान्यवरांची नावं घेतली, एकही न चुकता. प्रमोदरावांचा चष्मा पूर्ण वेळ नाकावर होता. साहेबांनी उठून तात्यांना मिठी मारली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, वर ‘मनोमीलन’. त्या दिवशी तात्या चहाला थांबले नाहीत.

बोगदा झाला नाही, हे सांगायची गरज आहे का? गावाच्या तोंडाला एक पिवळा लुकलुकणारा दिवा आला आणि ‘वाहने सावकाश चालवा’ असा फलक. त्याच्याखाली साहेबांचा हात जोडलेला फ्लेक्स. तात्या विचारायला गेले की कळायचं, फाईल दिल्लीला गेली. नंतर कळलं, दिल्लीहून परत आली. मग कोणी काही सांगेना. गावात लोक तात्यांना वाट द्यायचे, पण बोलायचे नाहीत. चावडीवर एक जण त्यांच्या देखत म्हणाला, “तात्याचं बी सेटिंग झालं.” हे मला तात्यांनीच सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मग काकू. तात्यांच्या मंडळी. मळ्यातून परत येताना दुभाजक उतरत होत्या, उलट्या दिशेने आलेल्या मोटारसायकलने उडवलं. जीव वाचला, कंबरेचं हाड मोडलं. नाशकात दवाखान्यात आणलं, मी भेटायला गेलो. खाटेच्या उशाशी पक्षाकडून आलेले पुष्पगुच्छ, चमकी लावलेले. प्रमोदराव आणखी एक घेऊन आले होते. त्यांनी तो तात्यांच्या हातात दिला, बरोबरच्या माणसाने फोटो काढला, आणि ते साहेबांचा निरोप सांगून गेले. तात्या तो गुच्छ हातात धरून तसेच उभे. मीच काढून घेतला, कुठे ठेवायचा ते मलाही सुचेना.

बाहेर बाकावर बसल्यावर तात्या म्हणाले, “ती एकच ईचारती. म्हनती, तुमी कशापायी चांगलं बोल्ले?”

‘बोला की’ म्हणणारा मीच होतो. काकू घरी गेल्या, पण चालत नाहीत.

यंदाची गोष्ट. चांदवडला त्याच आवारात कार्यकर्ता मेळावा होता. मी काम सोडलं होतं, पण पुतण्याला दुसरीकडे लग्नाचं काम होतं आणि खरं सांगायचं तर तात्या बोलणार आहेत असं कानावर आलं होतं. टेम्पोत सामान भरून मी स्वतः गेलो. मिक्सर लावला, शेजारी प्रमोदरावांसाठी खुर्ची ठेवली.

प्रमोदराव तिथे बसलेच नाहीत. आता त्यांना स्टेजवर जागा मिळाली होती, दुसऱ्या रांगेत. तात्यांचं नाव शेवटी पुकारलं, साहेबांची गाडी निघून गेल्यावर. निवेदक म्हणाला, “आता ज्येष्ठ नेते वसंततात्या दोन शब्द बोलतील, आणि भोजनाची व्यवस्था मागच्या बाजूला आहे.”

तात्या उभे राहिले. एवढे वाळले होते की टॉवेल खांद्यावरून घसरत होता. मी खटक्यावर बोट ठेवून प्रमोदरावांकडे बघत बसलो, सवयच ती.

तात्या सगळं बोलले. बोगदा, सुदाम, काकूंची खाट. म्हणाले, “साहेबांच्या सत्काराला मी खोटं बोल्लो. मला सांगितलं व्हतं, बोला, काम व्हईल. मी माझ्या गावाशी खोटं बोल्लो. ह्या स्टेजवरचा एकेक मानूस हे जानतो.” असं भाषण त्या आवारात कधी झालं नसेल. पूर्वी यातल्या निम्म्यावर माझा खटका जमिनीला लागला असता.

प्रमोदराव मोबाईलमध्ये काहीतरी बघत होते. चष्मा नाकावर. एकदा त्यांची नजर माझ्याकडे आली, मी हातानेच विचारलं, काय करू? त्यांनी नुसती मान हलवली, राहू दे, बोलू दे, आणि पुन्हा मोबाईलमध्ये खाली बघितलं. पत्रकार केव्हाच साहेबांच्या गाडीमागे गेले होते. माणसं उठून मसालेभाताच्या रांगेला लागली होती. कोणी हुर्यो केली नाही, कोणी टाळी वाजवली नाही, “आवाज येत नाय” म्हणून कोणी ओरडलं नाही. आवाज तर येत होता! माझा शेवटचा भोंगा हायवेच्या तोंडाला होता, तिथपर्यंत शब्दन् शब्द स्वच्छ जात होता. मी खटका आणखी वर सारला. रांगेतल्या एकाने मागे वळून कानावर हात ठेवला.

मी तिथे बसून रडलो. सरळ सांगतो. ज्या माणसाला पक्ष इतकी वर्षं घाबरला, त्याला आता कोणी घाबरत नव्हतं. एकदा त्याच्याकडून कौतुक करून घेतलं आणि त्याचं काम संपलं. माईक तोडायचीसुद्धा तसदी कोणाला घ्यावीशी वाटली नाही.

तात्या हळूहळू खाली उतरले आणि टेबलाशी आले. मी चहा सांगून ठेवला होता. त्यांनी रिकाम्या खुर्चीवर हात टेकला, बसले नाहीत.

“रमेश, मागं आवाज नव्हता ना?”

मी कप त्यांच्या हातात दिला.

“कोनी हललं नाय,” ते म्हणाले. “एक मानूस हलला नाय. मला माझा आवाज येत व्हता, पन त्यो तुझा पायापाशीचा डबा असतो, त्याचं काय खरं नाय. म्हनून ईचारतो. मैदानात बंदच व्हता ना?”

त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते.

“हो तात्या,” मी म्हणालो. “प्रमोदरावांनी चष्मा पुसला.”

“कव्हा?”

“तुम्ही उभे राहिलात तेव्हाच.”

तात्यांनी लांब श्वास सोडला. खुर्ची ओढून बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“भेत्यात म्हंजे अजून,” ते म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला. “पुढच्या टायमाला उठता उठताच बोगदा घेतो. त्याचा चष्मा निघायच्या आत.”